एक ‘कट्’ आणि थांबा

छिंदवाड्याहून सौंसरकडे उतरताना सिल्लेवानी घाट लागतो. उतारावर गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेकचा कॅलिपर जेमतेम दोन बोल्टांवर धरलेला असतो.

ते किती आवळायचे? पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला पांढुर्ण्याच्या संत्र्यांची बारा किलोची पिशवी टांगली, तर सुमारे 30 न्यूटन-मीटर पीळ बसतो. अनेक छोट्या मोटारींत कॅलिपरच्या पिनबोल्टांना एवढाच पुरतो. चाकांच्या नटांना मात्र साधारण 85 ते 110 लागतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. हा फरक मनगटाला कळतो, असं सांगणारे मिस्त्री पुष्कळ. आटे झिजलेले बोल्टही पुष्कळच.

म्हणून लावलेल्या आकड्याएवढा पीळ बसला की ‘कट्’ वाजणारा टॉर्क रेंच. मोठा एकच घेऊन भागत नाही: 40 ते 200 च्या रेंचवर 30 लावताच येत नाही. ब्रेकसाठी 10 ते 60 चा वेगळा हवा. मूठ मधोमध धरून सावकाश ओढायचं, ‘कट्’ झालं की हात थांबवायचा. आट्यांना तेल नको. घर्षण घटून त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. गंजलेला नट सोडवायला साधा पाना घ्यावा, आणि काम झाल्यावर रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा.