कळ कोणाच्या बोटाखाली?

शिशाचे खिळे एकेक उचलून स्टिकमध्ये ओळ बसवायची, ती गॅलीवर उतरवायची आणि फर्मा छापून झाला की तेच खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. नगरच्या एका छापखान्यात मी हे काम करत असे. ट्रेडल छपाईयंत्रावर पुरुष, खिळ्यांच्या केसपाशी आम्ही बायका. पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं आणि आमचे खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले. मालकांनी चार दिवस आधी सांगायचीही तसदी घेतली नाही. युनियन नव्हतीच, मग जाब विचारणार कोण? मी डीटीपी शिकून तगले, बाकीच्या घरी बसल्या. त्यामुळे अमेरिकेतल्या कंपोझिटरांच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांच्या, युनियनबद्दल जे हाती लागलं, ते मी अधाशासारखं वाचत गेले.

फिलाडेल्फियातल्या छापखाना कामगारांनी आठवड्याला किमान सहा डॉलर मिळावेत म्हणून 1786 सालीच काम थांबवलं होतं. गावोगावच्या संघटना मिळून देशव्यापी युनियन उभी राहिली ती मात्र 1852 मध्ये, सिनसिनाटीत. कॅनडातल्या शाखाही सामील झाल्यावर, 1869 मध्ये, तिचं नाव ‘इंटरनॅशनल टायपोग्राफिकल युनियन’ झालं. न्यूयॉर्कची शाखा क्रमांक सहा ही त्यातली दांडगी; तिला ‘बिग सिक्स’च म्हणत. त्या शाखेचं मूळ असलेल्या 1850 च्या संघटनेचा पहिला अध्यक्ष कोण, तर ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली. खिळे जुळवत वर आलेला माणूस तो. युनियनच्या गादीवर वर्तमानपत्र काढणारा बसलाय, हे आमच्याकडे कोणाला खरंही वाटायचं नाही.

बायकांना मात्र या युनियनचं दार बंद होतं. संप झाला की मालक बायकांना कमी पगारावर आत घेत आणि संप मिटला की त्यांना बाहेर काढत. ऑगस्टा लुइस या कंपोझिटर बाईनं 1868 मध्ये न्यूयॉर्कला बायकांची वेगळी युनियन काढली. पुढच्या वर्षी मोठ्या युनियननं तिला मान्यता दिली आणि 1870 मध्ये ऑगस्टाबाई राष्ट्रीय पदाधिकारी म्हणून निवडून आल्या. समान काम, समान दाम हे तत्त्व पुरुषांनी मान्य केलं, त्यात स्वार्थही होताच: बाई स्वस्तात मिळेनाशी झाली की तिला पुढे करून संप मोडता येत नाही.

खरी परीक्षा झाली यंत्र आल्यावर. ऑटमार मर्गेनथालर यांचं लायनोटाइप 1886 मध्ये सुरू झालं तेही ‘ट्रिब्यून’मध्येच. नव्वद कळांचा फलक. कळ दाबली की अक्षराचा पितळी साचा घरंगळत खाली येतो, ओळ भरली की तिच्यात वितळलेलं शिसं जातं आणि आख्खी ओळ एका तुकड्यात ओतून बाहेर पडते. एका यंत्रावर हातानं जुळवणाऱ्या कित्येकांचं काम व्हायचं. युनियननं यंत्र फोडलं नाही की अडवलं नाही. तिची मागणी एवढीच: यंत्रावर बसेल तो कसबी कंपोझिटर, युनियनचा सभासद आणि युनियनच्या दरानं. पुस्तकं आणि किरकोळ कामं छापणाऱ्या छापखान्यांत 1906 पासून आठ तासांच्या दिवसासाठी लांबलचक संप झाला, तोही तिनं बहुतांशी जिंकला. क्षयानं आणि म्हातारपणानं थकलेल्या सभासदांसाठी कोलोरॅडो स्प्रिंग्जला 1892 मध्ये स्वतःचं आश्रयगृह उभारलं होतं.

या युनियनच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे तिच्यात चक्क दोन पक्ष होते. ते खुल्या निवडणुका लढवत आणि सत्तेवरचा पक्ष पडतही असे. सेमूर मार्टिन लिपसेट या समाजशास्त्रज्ञानं दोन सहकाऱ्यांसोबत 1956 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. त्याचे वडील याच युनियनचे सभासद. रात्रपाळीच्या लोकांचं उठणं-बसणं आपापसातच असायचं, त्यातून युनियनच्या राजकारणाचा फड रंगायचा, असं त्याचं निरीक्षण. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रखात्यात कर्णबधिर कामगार पुष्कळ असत. कर्णबधिरांच्या शाळांत छपाई शिकवली जायची. लायनोच्या खडखडाटात ऐकू येणाऱ्यांचंही बोलणं कळायचं नाही, तिथे खुणांनी बोलणाऱ्यांचं काहीच अडायचं नाही. आमच्या ट्रेडलपाशी आम्हीही मालकांबद्दलचं सगळं बोलणं हातवाऱ्यांनीच उरकायचो.

एक रीत मात्र मला पटत नाही. जाहिरात बाहेरून तयार साच्यात आली, तरी तोच मजकूर कंपोझिटरनं नंतर पुन्हा जुळवायचा, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या आणि मग सगळं वितळवायला टाकायचं. छापायचं काहीच नाही. युनियनवालेच त्याला ‘बोगस’ म्हणत. काम टिकवायचा हेतू मला समजतो. पण आपणच नीट जुळवलेली ओळ न छापता भट्टीत टाकणं कसबी माणसाला सोसत कसं असेल?

छिद्रं पाडलेली कागदी फीत आली आणि लायनो माणसावाचून चालू लागलं. पगाराबरोबर हाही प्रश्न घेऊन बर्ट्राम पॉवर्स यांच्या नेतृत्वाखाली ‘बिग सिक्स’ 8 डिसेंबर 1962 रोजी संपावर गेली. न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं बंद पडली आणि संप 114 दिवस चालला. पस्तीस तासांचा आठवडा पदरात पडला. पण ‘डेली मिरर’ 1963 मध्ये बंद झालं आणि पुढच्या चार वर्षांत आणखी काही जुनी पत्रं गेली. संप हे एकच त्यांच्या मरणाचं कारण नव्हतं, तरी त्यानं धक्का जबर दिला.

संगणकानं तर मुळावरच घाव घातला. आता बातमीदारच टंकणार आणि तेच थेट छपाईला जाणार. लायनोच्या वेळी कळ कंपोझिटरच्या बोटाखाली आली होती, म्हणून तिच्यावर हक्क सांगता आला. या वेळी ती दुसऱ्याच टेबलावर गेली. पॉवर्स यांनी हे ओळखलं. 1974 च्या करारात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘डेली न्यूज’ला संगणकाची मोकळीक मिळाली, बदल्यात कायम कामगारांना तहहयात नोकरीची हमी मिळाली.

‘टाइम्स’चा शिशावरचा शेवटचा अंक जुलै 1978 च्या सुरुवातीच्या एका रात्री तयार झाला. डेव्हिड लोब वाइस यांनी त्या रात्रीवर माहितीपट केला, त्याचं नाव ‘फेअरवेल, इटॉइन श्रड्लू’. लायनोच्या डावीकडच्या पहिल्या दोन रांगांतली ती अक्षरं. ओळीत चूक झाली की ऑपरेटर त्या रांगांवरून बोट फिरवून उरलेली ओळ भरून टाकायचा. ती काढून टाकायची राहिली की दुसऱ्या दिवशी अंकात छापून यायची. 1986 च्या अखेरीस युनियनही दूरसंचार कामगारांच्या मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली.

हा पराभव म्हणायचा का? धंदा गेला, नवे शिकाऊ आलेच नाहीत, म्हणून युनियनही आटली, तेवढ्यापुरता पराभवच. पण धंदा नगरमधूनही गेला. न्यूयॉर्कच्या कंपोझिटरनं जाणाऱ्या धंद्याची किंमत मालकाकडून वसूल केली आणि पगार घेत म्हातारा झाला. आमच्याकडच्या बायकांना त्या भंगाराच्या पैशातलाही वाटा मिळाला नाही. आज डीटीपीवाली मुलं मला सांगतात की आता यंत्रच पान लावतं. मी त्यांना म्हणते, यंत्राशी भांडू नका, पण मालकाशी बोलायला एकेकटे जाऊ नका आणि जायचं ते काम हातात आहे तोवरच.