रग्बी : उगम, नियम आणि खेळण्याचा अधिकार

प्रस्तावना :

रग्बी या खेळाचे नाव इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यातील रग्बी या गावच्या शाळेवरून पडले. सन १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन धाव घेतली व त्यातून हा खेळ जन्मला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तथापि मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याने ती प्रथम १८७६ मध्ये, म्हणजे एलिसच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी प्रसिद्ध केली. शाळेतील विद्यार्थ्यांनी १८४५ मध्ये लेखी नियम तयार केले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

१८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन होत असताना चेंडू हातात घेऊन धावणे व प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टी वगळण्यात आल्या. तेव्हा ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. ज्या लाथेसाठी एवढा वाद झाला, ती या युनियननेही लगेच नियमबाह्य ठरवली, हे विशेष.

खेळाचे स्वरूप :

प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात व सामना ८० मिनिटांचा असतो. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. पुढे जायचे असेल तर धावावे किंवा चेंडू पायाने मारावा. या एकाच बंधनातून खेळाची सारी रचना उभी राहते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविल्यास ‘ट्राय’ होतो व ५ गुण मिळतात. त्यानंतरची यशस्वी किक २ गुणांची, तर पेनल्टी व ड्रॉप गोल प्रत्येकी ३ गुणांचे. आरंभी ट्रायला एकही गुण नव्हता. त्यामुळे केवळ गोलाकडे चेंडू मारण्याचा ‘प्रयत्न’ करण्याची संधी मिळे. नावाचा उगम तोच.

मजुरीचा प्रश्न :

यॉर्कशायर व लँकेशायरमधील खाणकामगार आणि गिरणीकामगार हा खेळ खेळू लागले, तेव्हा सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, अशी त्यांच्या क्लबांनी मागणी केली. हौशी खेळाच्या तत्त्वाचा आधार घेऊन युनियनने १८९३ मध्ये ती नाकारली. ज्याला मजुरी बुडण्याची भीतीच नाही, त्याला हौस परवडते, हे त्या तत्त्वात गृहीत होते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना स्थापली. १३ खेळाडूंची ‘रग्बी लीग’ तिच्यातून विकसित झाली. त्याच वर्षी रग्बी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एलिसच्या कथेची चौकशी आरंभली. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. खेळावरील मालकी सिद्ध करण्याची गरज तेव्हाच भासली असावी. मूळ युनियनच्या खेळाने व्यावसायिकता स्वीकारली ती १९९५ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

भारताशी संबंध :

१८७३ मध्ये स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब पाच वर्षांतच बंद पडला. सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपात काढली व ते वितळवून चषक घडविला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून याच ‘कलकत्ता कप’साठी खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ जोपासला; भारताच्या संघातून खेळलेले अभिनेते राहुल बोस तेथीलच.

काही खेळाडू :

वेल्सचे गॅरेथ एडवर्ड्स सलग ५३ कसोटी सामने खेळले. न्यूझीलंडच्या जोना लोमू यांनी १९९५ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले, तेव्हा ते अवघे २० वर्षांचे होते. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांची कारकीर्द खुंटली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या स्पर्धेचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेने १५–१२ असा जिंकला. वर्णभेदामुळे हा देश १९८७ व १९९१ च्या स्पर्धांत नव्हता. कृष्णवर्णीयांना अत्याचाराचे प्रतीक वाटणारी संघाची हिरवी जर्सी घालून नेल्सन मंडेला यांनी कर्णधार फ्रान्स्वा पिनार यांना चषक दिला. परंतु विजेत्या संघात चेस्टर विल्यम्स हे एकच गौरेतर खेळाडू होते. कसोटी संघाला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार लाभण्यास २०१८ साल उजाडले. झ्वीडे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेल्या सिया कोलिसी यांच्या नेतृत्वाखाली संघाने २०१९ व २०२३ असे दोन विश्वचषक जिंकले. मंडेलांनी घातलेल्या जर्सीवर ६ हा आकडा होता. कोलिसींचा क्रमांकही तोच.