ॲडमिशन नाही, पण कॉलेज आपलंच!

अमेरिकेत शनिवारी कॉलेजच्या मॅचला लाख-लाख माणसं जमतात. त्यातल्या कित्येकांनी त्या कॉलेजच्या वर्गाची पायरीसुद्धा चढलेली नसते. मग ही निष्ठा येते कुठून? आणि कॉलेज तरी त्यांना आपलं मानतं का?

जरा तुमचं कपाट उघडून बघा. छातीवर 'मिशिगन', 'यूसीएलए' नाहीतर 'हार्वर्ड' लिहिलेला एक तरी टी-शर्ट सापडेल. फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेला. आपल्यासाठी ते नुसतं डिझाइन. रंग आवडला, उचलला, विषय संपला!

पण हाच मिशिगनचा टी-शर्ट घालून तुम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑनसाइटला ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात उतरलात, तर मात्र सांभाळा. ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोणीतरी टोकणारच. हसत हसत, पण टोकणार. कारण त्या शनिवारी ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन युनिव्हर्सिट्यांची फुटबॉल मॅच असते. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन प्रकार. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर पाट्यांमधल्या 'एम' या अक्षरावर लाल टेप मारलेली असते. हो, चक्क एक अक्षर बॅन!

खरी गंमत तर पुढेच आहे. तुम्हाला टोकणारा माणूस ओहायो स्टेटमध्ये शिकलेला असेलच असं नाही. तो बिल्डिंगचा सिक्युरिटी गार्ड असेल, कॅंटीनवाला असेल, कदाचित कुठल्याच कॉलेजात न गेलेला असेल. पण बोलताना म्हणणार "आम्ही जिंकलो", "आम्ही हरलो". हा 'आम्ही' कुठला?

फुटपाथवरचे माजी विद्यार्थी

अशा मंडळींना अमेरिकेत नावंही भन्नाट आहेत. 'टी-शर्ट फॅन' हे सगळीकडे चालणारं. कॉलेजशी संबंध काय, तर टी-शर्ट विकत घेतला एवढाच. अलाबामात म्हणतात 'साइडवॉक अल्युम्नाय', म्हणजे फुटपाथवरचे माजी विद्यार्थी. मिशिगनच्या टीमचं नाव वुल्व्हरीन्स. तिच्या समर्थकांना शेजारचे मिशिगन स्टेटवाले 'वॉलमार्ट वुल्व्हरीन' म्हणून चिडवतात. म्हणजे यांचा टी-शर्ट कॅम्पसवरच्या दुकानातला नाही, वॉलमार्टच्या रॅकवरचा! टोमणा कळला ना? आपल्याकडे "तू कुठल्या कॉलेजचा रे?" या प्रश्नात जो खवचटपणा असतो, अगदी तोच.

पण टोमणे मारणाऱ्यांनी एकदा हिशेब करून बघावा. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. ते ज्या गावात आहे त्या ॲन आर्बरची वस्तीच सव्वा लाखाच्या आसपास. नेब्रास्का युनिव्हर्सिटीचं स्टेडियम मॅचच्या दिवशी राज्यातलं तिसऱ्या नंबरचं 'शहर' होतं, कारण ओमाहा आणि लिंकन सोडलं तर तेवढी माणसं राज्यात दुसरीकडे कुठे एकत्र नसतात. तिथे १९६२ मध्ये सुरू झालेली हाऊसफुल्लची साखळी २०२४ मध्ये सलग ४०० सामन्यांवर पोचली. नोत्र दामकडे पदवीपूर्व विद्यार्थी नऊ हजारांच्या आसपास, आणि स्टेडियम ७७ हजारांचं! अमेरिकेत पंचविशी ओलांडलेल्या दर दहा माणसांपैकी सहा जणांकडे चार वर्षांची पदवीच नाही. मग नुसत्या पदवीधरांवर ही स्टेडियम्स भरणार कशी?

आधी कॉलेज, मग प्रोफेशनल

आपल्याला प्रश्न पडतो, एवढा जीव लावायचा तर प्रोफेशनल टीमला लावा ना! पण अमेरिकेत क्रम उलटा आहे. दोन कॉलेजांमधली पहिली फुटबॉल मॅच १८६९ मध्ये झाली, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. प्रोफेशनल लीग, म्हणजे आजची एनएफएल, जन्माला आली १९२० मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं मैदान कॉलेजांचंच होतं. पुढे प्रोफेशनल टीम्स आल्या त्या मुख्यतः मोठ्या शहरांत. अलाबामा, नेब्रास्का, आयोवा, ओक्लाहोमा, केंटकी या राज्यांत आजही एनएफएलची टीम नाही.

पण युनिव्हर्सिटी आहे, आणि तिच्या नावात राज्याचं नाव आहे. १८६२ च्या एका कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून येणाऱ्या पैशातून शेतकी आणि तांत्रिक शिक्षणाची कॉलेजं निघावीत ही कल्पना. अशा सरकारी युनिव्हर्सिट्या राज्याच्या तिजोरीतून चालल्या. त्यामुळे ज्याने कधी पुस्तक हातात धरलं नाही, त्यालाही वाटतं की माझ्या टॅक्सवर उभं आहे ना, मग ते माझंच.

सबवेने येणारी निष्ठा

नोत्र दामची गोष्ट मात्र वेगळी. ती सरकारी नाही, कॅथलिक युनिव्हर्सिटी आहे, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडजवळची. १९२० च्या दशकात तिची फुटबॉल टीम दरवर्षी आर्मीशी, म्हणजे लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकॅडमीशी खेळायला न्यूयॉर्कला यायची. १९२५ पासून पुढची वीसेक वर्षं बहुतेक सामने यँकी स्टेडियमवर झाले. तिथे गर्दी कोणाची? आयरिश, इटालियन, पोलिश कॅथलिक कामगारांची. गोदीत आणि गिरणीत राबणारी ही माणसं सबवे पकडून यायची आणि नोत्र दामसाठी घसा फोडायची. साउथ बेंड त्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलंही नव्हतं. त्यांना नाव पडलं 'सबवे अल्युम्नाय', आणि ते आजतागायत टिकलं.

यामागे नुसता खेळ नव्हता. त्या काळी अमेरिकेत कॅथलिकांकडे संशयाने बघितलं जायचं. कू क्लक्स क्लॅन ही संघटना काळ्यांसोबत कॅथलिकांच्याही विरोधात होती, आणि इंडियानात तिचा भलताच जोर होता. मे १९२४ मध्ये साउथ बेंडच्या रस्त्यावर क्लॅनवाले आणि नोत्र दामचे विद्यार्थी यांची जुंपलीसुद्धा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोत्र दामने न्यूयॉर्कमध्ये आर्मीला १३-७ असं हरवलं. ज्यांना नोकरीच्या दारात हिडीसफिडीस केलं जायचं, त्यांची टीम देशाच्या लष्करी अकॅडमीला लोळवत होती. अशा वेळी ॲडमिशनची पावती कोण मागतो?

या वेडाची पुढची पायरी १९९३ च्या 'रूडी' सिनेमात आहे. इलिनॉयमधल्या जोलिएटच्या कामगार कुटुंबातल्या चौदा भावंडांपैकी एक, रूडी रुटिगर. घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, पण नोत्र दामची भक्ती अशी, की पठ्ठ्याने शेवटी ॲडमिशन मिळवलीच. १९७५ मध्ये अगदी शेवटच्या क्षणांसाठी का होईना, तो मैदानात उतरला. सिनेमा हिट झाला, कारण प्रत्येक 'सबवे अल्युम्नाय'च्या मनातलं स्वप्न त्यात होतं. पण रूडी एक. बाकीचे जन्मभर स्टँडमध्येच.

जिथे दारच बंद होतं

अलाबामात हेच वेड धर्माच्या पातळीवर जातं. १ जानेवारी १९२६ ला कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल सामन्यात अलाबामाने वॉशिंग्टनला २०-१९ असं हरवलं. यादवी युद्धात हरलेल्या, गरीब म्हणून हिणवल्या गेलेल्या दक्षिणेला हा आपला सगळ्यांचा विजय वाटला. टीमची ट्रेन परतली तेव्हा वाटेतल्या स्टेशनांवर लोक स्वागताला उभे होते. पुढे 'बेअर' ब्रायंट हा कोच आला. १९५८ ते १९८२ या काळात त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. जानेवारी १९८३ मध्ये तो गेला, तेव्हा टस्कलूसा ते बर्मिंगहॅम या हायवेच्या कडेला आणि पुलांवर लाखो लोक अंत्ययात्रा बघायला उभे होते. त्यातल्या किती जणांनी अलाबामाची परीक्षा दिली असेल?

पण 'तिथे शिकलो नाही' या वाक्याला अलाबामात एक कडू बाजूही आहे. जून १९६३ मध्ये दोन काळे विद्यार्थी नाव नोंदवायला आले, तेव्हा खुद्द राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दारात आडवा उभा राहिला. फुटबॉल टीममध्ये पहिले काळे खेळाडू मैदानात दिसायला १९७१ उजाडलं. म्हणजे काळ्या कुटुंबांतल्या आज्या-आजोबांसाठी तिथे न शिकणं ही आवड नव्हती, नशीबही नव्हतं, ती सक्ती होती. आज त्यांच्यापैकी काहींची नातवंडं हीच लाल जर्सी घालून त्याच स्टेडियममध्ये बसतात. 'आपलं कॉलेज' या दोन शब्दांत किती काय काय भरलेलं असतं बघा.

निष्ठा जेव्हा विष होते

आता हेही सांगायला हवं की या प्रेमाचं कधीकधी वेडात रूपांतर होतं. ऑबर्न हा अलाबामाचा राज्यातलाच कट्टर वैरी. मॅच जिंकली की ऑबर्नची पोरं टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरची रिळं उधळतात. नोव्हेंबर २०१० मध्ये ऑबर्नने २४ गुणांची पिछाडी भरून काढून अलाबामाला एका गुणाने हरवलं. त्यानंतर अलाबामाच्या एका फॅनने त्या जुन्या झाडांच्या मुळांत तणनाशक ओतलं. एवढंच नाही, तर जानेवारी २०११ मध्ये रेडिओवरच्या एका शोला फोन करून फुशारकीही मारली. त्याला शिक्षा झाली. झाडं मात्र वाचली नाहीत, २०१३ मध्ये तोडावी लागली. हा गृहस्थ निवृत्त पोलीस. अलाबामात एक दिवसही शिकलेला नाही.

मग काय, पदवीधरांना आयतं कोलीतच मिळालं. बघा, हे टी-शर्ट फॅन असेच! पण त्याच वेळी अलाबामाच्याच फॅन्सनी त्या झाडांसाठी वर्गणी गोळा केली, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. माथेफिरूपणाला डिग्री लागत नाही हे खरं, पण माणुसकीला तरी कुठे लागते?

उरतो कोण?

आणि आता तर सगळा खेळच बदललाय. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी ही मर्यादा एका युनिव्हर्सिटीला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्सची. टीम बदलणंही आता सोपं. खेळाडू इथे एक वर्ष, तिथे एक वर्ष करत फिरतात, अगदी आपल्या आयटीतल्या जॉब-हॉपिंगसारखं. कोच तरी कुठे थांबतात? कॅलन डिबोर ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनचा कोच म्हणून राष्ट्रीय फायनलला उभा होता. चार दिवसांत तो अलाबामाचा कोच झाला!

विद्यार्थ्यांचं काय? अलाबामा युनिव्हर्सिटीत गेल्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त विद्यार्थी राज्याबाहेरचे आहेत. त्यांची फी स्थानिकांच्या दुपटीहून जास्त, म्हणून ते हवेसेही असतात. चार वर्षांनी ते ॲटलांटा नाहीतर शिकागोला नोकरीवर जातात. म्हणजे राज्याचं नाव लावणाऱ्या कॉलेजात बाहेरची मुलं शिकतात, आणि राज्यातला वेल्डर बाहेर उभा राहून त्याच नावाने ओरडतो. वर चांगली सीट हवी असेल तर अनेक कॉलेजांत तिकिटाआधी देणगी मोजावी लागते. ज्याला वर्गात जागा मिळाली नाही, त्याला स्टँडमधलीही हळूहळू परवडेनाशी होतेय. टोमण्यांपेक्षा त्याला हे जास्त लागत असणार.

आपल्याला हे सगळं अगदीच परकं नाही. पुरुषोत्तम करंडकाला 'अरे आवाज कुणाचा' म्हणून थिएटर दणाणतं, पण तो आवाज त्या त्या कॉलेजच्या आजी-माजी मुलांचाच. रस्त्याने जाणाऱ्या पुणेकराला करंडक कोणी नेला याने फरक पडत नाही. अमेरिकेतल्या या वेडाचा आपल्याकडचा खरा भाऊ शोधायचा तर कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या टीम्स भिडतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. त्यातल्या किती जणांनी तालमीच्या लाल मातीत एक जोर तरी काढलाय? पण तालीम कोणाची विचारा, उत्तर एकच येईल. आमची!

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'वॉलमार्ट वुल्व्हरीन' म्हणून हसलं, तर एवढं लक्षात ठेवा. खेळाडू वर्षभरात जातो, विद्यार्थी चार वर्षांत, कोच चांगली ऑफर आली की. ज्यांनी ॲडमिशन घेतली, ते सगळे आपापलं लिव्हिंग सर्टिफिकेट घेऊन निघून गेले. ज्याची ॲडमिशनच झाली नव्हती, त्याला लिव्हिंग सर्टिफिकेट देणार तरी कोण?