यार्डातला ऊस आणि शिळा आकडा



गळीत हंगाम ऐन भरात असला म्हणजे शेतकी खात्यात पहाटेचा पहिला प्रश्न एकच असतो, "यार्डात ऊस किती?" पुढचे सगळे या एका आकड्यावर ठरते. ऊस कमी असेल तर तोडीच्या चिठ्ठ्या वाढवायच्या, जास्त असेल तर हात आखडायचा. आकडा शिळा निघाला तर काय होते ते सभासदांना सांगायला नको. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत बसतो. वजन घटते ते सभासदाच्या बिलात, साखर घटते ती उताऱ्यात. दोन्हीकडून नुकसान आपलेच.

पूर्वी कारकून मंडळी रात्र जागून हा आकडा वहीतून काढीत. आता काट्यावरची नोंद थेट संगणकात जाते आणि पॉवर बीआयसारख्या साधनामार्फत गट ऑफिसला मोबाईलवर तक्ता दिसतो. सोय मोठी आहे. पण तक्ता दिसतो म्हणजे तो ताजा असतोच असे नाही. काट्यावरच्या नोंदी अहवालात ओढून आणाव्या लागतात. यालाच 'रिफ्रेश' म्हणतात. हे काम दीड तास रेंगाळले, तर सहाला हाती आलेला आकडा खरा साडेचारचाच! शिवाय पॉवर बीआयच्या साध्या, म्हणजे प्रो परवान्यावर ठरवून दिलेला रिफ्रेश दिवसातून ८ वेळाच होतो, आणि २ तासांत पुरा झाला नाही तर तो मधेच तुटतो.

मग हे काम रेंगाळते का? एक साधा हिशेब करून बघू. समजा, रोजचे गाळप ५,००० टन आणि एका खेपेत १५ टन ऊस. म्हणजे दिवसाला सुमारे ३३३ पावत्या. दीडशे दिवसांच्या हंगामात ५० हजार आणि दहा हंगामांच्या ५ लाख. आज नव्या झालेल्या पावत्या ३३३, पण त्यांच्यासाठी दर वेळी पाचही लाख पुन्हा उचलून आणायच्या! खरे म्हणजे पाच लाख ओळी संगणकाला जड नाहीत. जड होते ते प्रत्येक पावतीबरोबर येणारे ओझे. सभासदाचे नाव, गाव, गट, वाहन, मुकादम, शेरा, सगळे प्रत्येक ओळीला चिकटवलेले असते.

यावर उपाय आहेत, आणि त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहेत.

१. आधी घड्याळ लावा. वेळ नेमका कोठे जातो, मूळ नोंदवहीतून माहिती निघताना, वाटेत, की अहवालातल्या आकडेमोडीत, हे पाहिल्याशिवाय नवा संगणक मागू नये.

२. वाढे शेतातच तोडा. वाढे आणि पाचट कोणी गाडीत भरून गव्हाणीपर्यंत आणीत नाही. शेतातच काढून मग मोळी बांधतात. माहितीचेही तसेच. चालू हंगामच हवा असेल तर ती निवड मूळ नोंदवहीकडेच व्हावी. सगळे घरी आणून मग चाळले, तर भाडे फुकट गेले. अहवालात न लागणारे रकाने तर आणूच नयेत.

३. नाव एकदाच लिहा. सभासद, गाव आणि वाहन यांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात. पावतीवर फक्त त्यांचा क्रमांक असावा. तारीख आणि वेळही दोन रकान्यांत विभागावी. सेकंदापर्यंतची वेळ तारखेला जोडली की जवळजवळ प्रत्येक ओळ निराळी होते आणि ती दाबून साठवता येत नाही. नुसत्या तारखा मात्र हंगामभरात दीडशेच!

४. नवे तेवढेच आणा. मागचे हंगाम एकदा भरून ठेवायचे आणि दर वेळी फक्त अलीकडचे दिवस ताजे करायचे. पॉवर बीआयमध्ये ही सोय प्रो परवान्यावरही आहे. अट एकच, वरचा दुसरा नियम पाळलेला हवा. तारखेची निवड मूळ नोंदवहीकडे होत नसेल, तर या सोयीचा फायदा मिळत नाही.

५. काट्याला त्रास नको. पाळी बदलताना काट्यावर गर्दी असते. त्याच वेळी अहवालही त्याच संगणकातून माहिती ओढू लागला, तर पावती निघायला उशीर आणि ट्रॅक्टरवाला खोळंबलेला. अहवालासाठी नोंदींची वेगळी प्रत ठेवावी हे उत्तम. निदान वेळ तरी मागेपुढे करावी.

आता एक सावधगिरीची गोष्ट. चौथा उपाय गोड आहे, पण त्यात एक खोच आहे. जुन्या पावतीतली चूक नंतर दुरुस्त झाली, दुसऱ्याच्या खात्यावर पडलेले टनेज मूळ मालकाच्या नावे फिरवले, आणि ती तारीख 'अलीकडच्या दिवसां'त बसत नसेल, तर अहवालात जुनी चूक तशीच राहते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, आणि बिल हाती पडल्यावरच पुष्कळांना चूक उमगते. सबब ही मुदत तीन-चार दिवसांची ठेवून भागणार नाही. महिनाभराची तरी ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा रात्री चालू हंगामाच्या सगळ्या नोंदी नव्याने आणाव्यात. वेग हवा, पण सभासदाच्या टनेजाचा बळी देऊन नको.

शेवटी सभासदांना एक विनंती. गट ऑफिसात कोणी मोबाईलवर तक्ता दाखवला, तर आकड्याच्या आधी तो किती वाजताचा आहे ते विचारा. ती वेळ तक्त्याच्या माथ्यावर ठळक छापलेली असलीच पाहिजे. आणि काट्याची पावती जपून ठेवा. तक्ता कितीही ताजा असला तरी तुमच्या हातचा पुरावा तीच आहे.