बुलेटच्या पोटातली ऑइलची वाट

पावसाळाभर डोंबिवलीतल्या सोसायटीत झाकून ठेवलेली जुनी कास्ट आयर्न बुलेट बाहेर काढली, की डिपस्टिकवर ऑइल कमी दिसतं आणि मालक लगेच वरून ओततो. घाई इथेच नडते. १९५५पासून मद्रासमध्ये जोडल्या जाऊ लागलेल्या या गाडीत ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच, पण वेगळ्या कप्प्यात असते. एक पंप तिथून फिल्टरमार्गे बिग एंडला ऑइल देतो. दुसरा खाली साचलेलं उपसून टाकीत परत पाठवतो आणि त्यातलंच थोडं बाहेरच्या बारीक नळीने रॉकरपर्यंत चढवतो. उभ्या गाडीत ऑइल टाकीतून क्रँककडे झिरपतं. नाहीसं होत नाही. म्हणून आधी इंजिन थोडा वेळ चालवावं, मगच पातळी बघावी. नाहीतर जादा ऑइलमुळे सायलेन्सर धूर ओकतो.

बाहेरची नळी गळते, हा आक्षेप खरा. नव्या बुलेटमध्ये हे मार्ग आतूनच नेले आहेत. पण गळतं ते बहुधा जोडावरच्या दबलेल्या तांब्याच्या वॉशरमुळे, आणि तो स्वस्तात बदलता येतो. शिवाय चालू इंजिनवर रॉकरकडचा बोल्ट किंचित ढिला केला, की ऑइल पोचतंय का ते डोळ्यांनी दिसतं. घोडबंदर रोडच्या कोंडीत तापणाऱ्या एअर-कूल्ड इंजिनासाठी ही खातरजमा चार थेंबांपेक्षा मोलाची आहे.