यंत्रात दडलेला संगणक: एका व्यवसायाची पूर्वतयारी

बारावीचे निकाल लागले म्हणजे घरोघरी एकच खल सुरू होतो: मुलाने पुढे काय शिकावे? काका म्हणतात, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास पगार लवकर मिळतो. आजोबांस सरकारी नोकरीची शाश्वती हवी असते. आणि ज्याच्याविषयी हा ऊहापोह चाललेला असतो, तो मात्र माडीवर जुन्या ट्रान्झिस्टरचे पोट उघडून बसलेला असतो! अशा मुलास, आणि अशा मुलीसही, एक व्यवसाय आज खुला आहे. त्याची पूर्वतयारी कशी करावी, हे वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असावे म्हणून हा लेख.

संगणक म्हटला की पडदा व कळफलक डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या घरातील पुष्कळ संगणकांस यांपैकी काहीच नसते. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी किती घ्यावे हे ठरविणारा, नव्या स्कूटरच्या इंजिनास पेट्रोल मापून देणारा, असे कितीतरी लहान संगणक निमूटपणे राबत असतात. त्यांस मायक्रोकंट्रोलर म्हणतात. नखाएवढ्या चिपमध्ये गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या तारांशी व्यवहार करण्याची द्वारे, ही सर्व एकत्र असतात. यंत्रात बसवून त्यांच्याकडून नेमके काम करवून घेणे ही एम्बेडेड यंत्रणेची विद्या होय. मूळ चिपचीच रचना करणे ही तिची थोरली बहीण, डिजिटल हार्डवेअर. या शाखेत व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांत रचनेचे वर्णन लिहितात, ते संगणकावर तपासतात, पुन्हापुन्हा निराळी जोडणी देता येणाऱ्या एफपीजीए नामक चिपवर चालवून पाहतात, आणि मगच ते कारखान्याकडे जाते.

एवढी तपासणी कशासाठी? १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांस आपल्या संगणकाच्या भागाकारात चूक येत असल्याचे आढळले. इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकारासाठी जे कोष्टक होते, त्यातील पाच घरे भरावयाची राहून गेली होती. चूक क्वचितच प्रकट होई; तथापि सिलिकॉनवर उमटलेले अक्षर खोडून सुधारता येत नाही. अखेर सदोष चिप बदलून देण्यापायी कंपनीस ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांची तरतूद करावी लागली. या व्यवसायात तपासून पाहण्याच्या सवयीस केवढे मोल आहे, हे यावरून ध्यानात येईल. आणि ही सवय पदवीच्या वर्गात एकाएकी लागत नाही. ती घरीच लावावी लागते.

प्रारंभ अगदी साधा असावा. २००५ साली इटलीत निघालेला आर्डुइनो हा शिकाऊंचा फलक, थोड्या तारा आणि एक मल्टिमीटर एवढी सामग्री पुरे. पहिला पाठ दिवा लावण्याचा. पाच व्होल्टांच्या टोकास एलईडी थेट जोडला तर तो जळण्याचा संभव. मध्ये रोध हवा. दिव्याने दोन व्होल्ट घेतले, उरले तीन. प्रवाह १५ मिलिॲम्पिअर हवा, तर ओहमच्या नियमाने रोध २०० ओहम. शाळेत पाठ केलेले सूत्र येथे प्रथमच उपयोगी पडते.

दुसरा पाठ कळीचा. कळ एकदा दाबली की आकडा एकाने वाढावा, असा प्रोग्रॅम मुलगा लिहितो. कळ दाबतो, तो आकडा एकदम तीनवर! पुन्हा दाबतो, तो पाचवर! प्रोग्रॅम दहा वेळा वाचला, चूक नाही. तारा तपासल्या, त्याही ठीक. दोष असतो धातूच्या स्वभावात. कळीतील पत्री टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, आणि त्यातील प्रत्येक स्पर्श संगणकास नवा दाब वाटतो. पहिल्या स्पर्शानंतर सुमारे २० मिलिसेकंद थांबून कळीची स्थिती पुन्हा वाचावी, म्हणजे आकडा ताळ्यावर येतो. दोन संध्याकाळी खपून जो हे कारण स्वतः हुडकतो, त्यास या विद्येचे मर्म कळले असे समजावे. जो तयार उत्तर उतरवून घेतो, त्याचा आकडा बरोबर येतो, परंतु पदरात काही पडत नाही.

आता शिक्षणाविषयी. अकरावी-बारावीत गणित व पदार्थविज्ञान पक्के करावे आणि पुढे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घ्यावी. दहावीनंतर पदविका घेतलेल्यांसही पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. बूलचे तर्कगणित, सी भाषा, संगणकाची अंतर्रचना आणि चिपची शेकडो पानांची इंग्रजी माहितीपत्रके कोशाप्रमाणे चाळण्याचा सराव, या चार गोष्टींची हेळसांड करू नये. चिपरचनेकडे ओढा असल्यास गेट परीक्षा देऊन एम. टेक. करणे हितावह. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था या दोन्ही शाखांचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविते.

डिसेंबर २०२१ मध्ये भारत सरकारने चिपउद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून या क्षेत्राचा बोलबाला वाढला आहे. परंतु केवळ तेवढ्यावरून कोणास या वाटेस लावू नये. ही वाट सावकाश फळ देणारी आहे. पहिली काही वर्षे शेजारच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाचा पगार अधिक दिसेल, आणि त्या वेळी घरच्यांचा एक टोमणाही मुलाचा धीर खचवील. दोष शोधण्याची ज्यास गोडी नाही, त्यास आग्रह करू नये. ज्यास आहे, त्यास माडीवर एक टेबल द्यावे, घरातील २३० व्होल्टांच्या विजेस हात न लावण्याची सक्त ताकीद द्यावी, आणि एखादा भाग जळाला तर रागावू नये. “का जळाला?” एवढेच विचारावे. उत्तर शोधता शोधता त्याचे शिक्षण आपोआप होऊ लागेल.