सोबतीने खाल्लं की चव का वाढते?

संध्याकाळी सीएसएमटीहून कल्याणकडे निघालेल्या लोकलच्या महिला डब्यात पिशव्या उघडतात. कुणी मटार सोलतं, कुणी मेथी निवडतं. डोंबिवली येईपर्यंत रात्रीच्या भाजीची निम्मी तयारी झालेली असते. मधेच एखादीच्या डब्यातलं थालीपीठ हातोहात फिरतं आणि घरी लागतं त्याहून चविष्ट लागतं. हा निव्वळ भास नाही.

येल विद्यापीठातल्या एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारची व्यक्तीही तेच चॉकलेट खात असेल, तर चॉकलेट जास्त आवडायचं. ती दुसरं काही करत असेल, तर कमी. आणि हे एकमेकांशी एक शब्दही न बोलता! सोबतच्या माणसाचं लक्ष जिथे, तिथे आपलंही लक्ष अधिक एकवटतं, असं यामागचं स्पष्टीकरण. मला खरी मौज वाटते ती पुढच्या भागाची: कडू चॉकलेट सोबतीत अधिकच नकोसं झालं. सोबत चव सुधारत नाही, ठळक करते.

ऑक्सफर्डचे रॉबिन डन्बार यांनी २०१७मध्ये ब्रिटनमधल्या पाहणीवरून दाखवलं, की वारंवार इतरांसोबत जेवणारी माणसं अधिक समाधानी असतात. मेंदूतली एंडॉर्फिन्स त्यामागे असावीत, असं त्यांचं मत. पण मुळात समाधानी माणसंच चारचौघांत जेवत असतील तर? हा प्रश्न रास्तच. त्यांच्या विश्लेषणाचा कौल मात्र उलट आहे: आधी एकत्र जेवण, मग जवळीक. ज्या रात्रीच्या जेवणांनी ती वाढली, तिथे माणसं जास्त होती, हसणं आणि जुन्या आठवणीही जास्त.